उंबऱ्याबाहेरचे वाघमारे सर

आमच्या शेजारचे वाघमारे सर दर रविवारी खाटकाकडून बकऱ्याचं पोट आणत, पण शिजवत नसत. शाळेतल्या आम्लात भिजवून त्याचा रस काढत आणि बरणीतल्या त्या रसात लाखेच्या गोळ्या सोडून समोर मांडी घालून बसत. पाथरीतले लोक म्हणत, विज्ञान शिकवून मास्तरचं डोकं फिरलं.

सरांचं भांडण पोटाशी होतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिनची सुई लागे. ते तोंडानं का देत नाहीत, असं मी एकदा विचारलं.

"इन्सुलिन प्रथिन हाय. डाळीत असतंय तसलंच. पोटाला काय कळतंय, औषध कोणतं अन् वरण कोणतं? पोट म्हणजे निजामाच्या टायमाचा करोडगिरी नाका, जकात वसूल करणारा. माल दिसला की अडवायचा, फोडायचा."

नाका चुकवायला त्यांनी बांगड्यावाल्याकडून लाख आणली. इन्सुलिन महाग, म्हणून त्याच्या जागी अंड्याचा पांढरा भाग, तोही प्रथिनच, वाळवून गोळ्या केल्या आणि वर लाखेचा थर दिला. पातळ थर रसात फुटला. जाड थराची गोळी सरांनी स्वतःच गिळली. ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बाहेर आली.

"नाका तर ओलांडला," सर म्हणाले.

"गावच ओलांडलं की पार," काकू आतून म्हणाल्या.

काकू सुईला भीत नव्हत्या. नजर अधू झाल्यामुळे पिचकारीवरच्या रेघा त्यांना दिसत नसत, म्हणून सुई सरच देत. पालमला त्यांची म्हातारी आई एकटी होती, लेकीला बोलावत होती. तिथं रोज सुई देणारं कुणी नव्हतं. आणि सर त्या घराचा उंबरा ओलांडणार नव्हते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊनही सासूनं कोनाड्यातली देवी काढली नव्हती.

"बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या अन् देवीला हळदबी लावायची? मला न्हाई जमत."

गोळी झाली असती तर काकू एकट्या जाऊ शकल्या असत्या. जगाला न जमलेली गोळी करणं सरांना सासुरवाडीला जाण्यापेक्षा सोपं वाटे. मी त्या काळी चळवळीची पत्रकं छापून वाटायचो. तत्त्वाला मुरड घालणारी माणसं मला आवडत नसत. सर आवडत.

मग निरोप आला, म्हातारीनं अन्न सोडलंय. सरांनी बरणी उकिरड्यावर ओतली.

"हरलात?" मी विचारलं.

"कोण हरलंय? गोळी कुणीतरी करंल एक दिवस. तवर म्हातारी थांबायलीय का?"

औषधाची बाटली ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवून, मडकं मांडीवर घेऊन सर एस.टी.त बसले. मीही सोबत होतो.

पालमला काकू घरात गेल्या. सर अंगणातच थांबले, स्टोव्ह पेटवून पिचकारी उकळली.

"अवो, आत या की."

"देवी हाय का कोनाड्यात?"

"हाय."

"मग दंड बाहेर काढ."

काकू उंबऱ्याच्या आत बसल्या, सर बाहेर. सुई दिली. एवढ्यात भिंतीला धरत म्हातारी बाहेर आली आणि सरांच्या शेजारी मातीत बसली.

"जावईबापू, तुमी आत येऊ नका. म्या देवी काढणार न्हाई. पर भाकर हितं खाऊ."

भाकर सरांनी दुधात कुस्करून दिली. म्हातारीनं खाल्ली.

रजा संपली तरी सर परतले नाहीत. म्हातारी होती तोवर त्याच अंगणात बाजेवर झोपले. उंबरा त्यांनी एकदाच ओलांडला, तिला खांदा द्यायला. कोनाड्याकडे तेव्हाही पाहिलं नाही.