चिंचेनं घासलेलं वजन

बेर्शेबाच्या औषध कारखान्यात एलिएझरनं दोनशे ग्रॅमचं पितळी प्रमाण वजन नव्या तराजूवर ठेवलं आणि आकडा दोनदा वाचला. १९९.९६०. चाळीस मिलिग्रॅम गायब!

ते कुठं गेले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोठे साहेब येणार म्हणून शुक्रवारी त्यानं काळवंडलेलं वजन पुसायला घरी नेलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या वजनाला चिमट्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, मझलनं, ते शब्बाथच्या पितळी दिव्यांबरोबर चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं.

त्यानं घरी फोन लावला. "अगो, किती घासलंस?"

"निघेपर्यंत."

"काय निघेपर्यंत?"

"काळं! माझी आई रेवदंड्याला अशीच घासायची. एक भांडं झिजलं नाही."

"आईची भांडी सरकार तपासत नव्हतं! पेन्शनला तीन महिने राहिलेत. चोर म्हणून काढतील मला!"

"मग एलियाहू हानाबीला मलिद्याचा नवस बोला. नि ओरडू नका."

नवस बोलून त्यानं फोन ठेवला, तोच हैफाहून तराजूबरोबर आलेली इंजिनियर मोरान आत शिरली. एलिएझर आकडा झाकून उभा राहिला. तिनं त्याला हलकेच बाजूला सारलं.

"कमी दाखवतोय ना? दाखवणारच."

एलिएझर मनात म्हणाला, हिला चिंचेचंही कळलं?

"तराजू हैफाला जुळवलेला. तिथं समुद्रकाठ. इथं आपण दक्षिणेला, शिवाय उंचावर. पृथ्वीची ओढ इथं किंचित कमी. जागा बदलली की पुन्हा जुळवावं लागतं."

"म्हणजे... वजन झिजलं नाही?"

"वजन कसं झिजेल?" हसून तिनं बटण दाबलं. तराजूनं क्षणभर विचार केला. २००.०००.

एलिएझरचा जीव भांड्यात पडला. पण लगेच भांडं कलंडलं. "कशावरून जुळवलंत?"

"तुमच्याच वजनावरून. ते दोनशे, असं तराजूला सांगितलं."

"आणि तेच खोटं असलं तर?"

"मग कोण सांगणार?" मोराननं चिमट्यानं वजन उचलून उजेडात धरलं. "किती लख्ख हो! आमची हैफाची सगळी काळी पडलीत. सोमवारी पेटी पाठवते. तेवढी घासून द्या."

एलिएझरनं पुन्हा घरी फोन लावला. "मझल, मलिदा दुप्पट कर."