मोठी जोडी

मी फक्त एक मिनिट दारापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. एवढंच. पुढे जे झालं त्याला घरातले सगळे मलाच जबाबदार धरतात. (मीही धरतो, पण बोलून दाखवत नाही.)

आधी माझं काम सांगतो. रबरी स्लिपरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं परतीच्या टेबलावर होतो. स्लिपरला सहा महिन्यांची हमी असायची. तुटली की लोक परत पाठवायचे आणि ती माझ्यासमोर यायची. मी ती उलटी करायचो, टाच बघायचो, पट्टा ओढायचो आणि चिठ्ठीवर लिहायचो: कंपनीची चूक, किंवा वापरणाऱ्याची चूक. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढे तीन शब्द मला बिनचूक लिहिता येत. त्यातला 'कंपनीची' हा शब्द क्वचितच लागायचा.

एकतीस वर्षांत माणूस शिकतो. समुद्रकाठचे लोक स्लिपर एक नंबर लहान घेतात, टाच मागे लोंबत राहते. डोंगराकडचे एक नंबर मोठी घेतात आणि आत मोजे चढवतात, मग अंगठ्यापाशी पट्टा फाटतो. पुरुष पाय ओढत चालतात, म्हणून त्यांची टाच जाते. बायका उभ्या जागी वळतात, म्हणून त्यांच्या चवड्याखाली गोल झीज पडते. माणूस न बघता मी सांगायचो, बाई की बुवा, कुठला, कसा. मला कोणी खोटं पाडलं नाही. (माणूस समोर नसायचाच. कोण पाडणार?)

आम्हाला एकच मुलगी. दवाखान्यात नर्स आहे. तिची दोन ठिकाणं मी मोडली. एकाची स्लिपर फक्त उजवीकडे झिजली होती. असा माणूस वळणावर सोडून जातो. दुसऱ्याची झिजलीच नव्हती. असा माणूस काम करत नाही. दोघांचेही संसार आज नीट चालले आहेत, त्याला मी काय करू?

तिसऱ्या वेळी मुलीने स्वतःच पसंत केला. नकाशे काढायचं काम करतो. आम्ही घरात त्याला नकाशेवालाच म्हणतो. मूळचा समुद्रकाठचा. मुलगी मला म्हणाली, "बाबा, लग्न मी करणार आहे. तुम्ही गोंधळ घातलात तरी करणार. फरक एवढाच, मग तुम्हाला बोलावणार नाही."

ओरडली नाही. सुई टोचायच्या आधी नर्स बोलतात तशा आवाजात म्हणाली. मला चार दिवस जेवण गेलं नाही.

नकाशेवाला आणि त्याची आई आमच्याकडे यायचा दिवस ठरला. बायकोने मला तीन वाक्यं दिली. "या. बसा. प्रवास कसा झाला? याच्यापलीकडे तोंड उघडायचं नाही."

ते आले. दोन मिनिटांत माझी तिन्ही वाक्यं संपली.

मग काय करणार? मुलगी त्या बाईंशी बोलत होती. बाई माझ्याच वयाच्या, हाडापेराने मोठ्या, फारसं हसणं नाही. नकाशेवाला खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी उघड्या दारातून बाहेर बघत होतो. दाराबाहेर दोन जोड्या होत्या, दोन्ही आमच्याच कारखान्याच्या. एक मोठी, काळी, नऊ नंबर. एक लहान, सहा नंबर, स्वच्छ.

तेव्हा मी ते एक मिनिट ठरवलं.

मोठी जोडी उलटी केली. उजवी टाच शाबूत, डावी बाहेरच्या अंगाने आरपार गेलेली. माझ्या टेबलावर अशी डावी टाच एकाच प्रकारच्या माणसाची यायची. संध्याकाळी भिंत धरून घरी जाणाऱ्याची. वर डाव्या पट्ट्याच्या बटणाला खालून सेफ्टी पिन लावलेली. म्हणजे कमावतो आणि सगळं पिण्यात घालवतो, नवी स्लिपर घ्यायचीही शुद्ध नाही.

घाईने निकाल द्यायचा नाही हा माझा नियम. खात्रीसाठी पट्टा ओढून बघितला, टेबलावर ओढायचो तसा. (टेबलावर आलेली स्लिपर आधीच तुटलेली असायची, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही.) पिन उघडली, माझ्या अंगठ्यात घुसली, बटण तळ फाडून वर आलं आणि पट्टा माझ्या हातात राहिला.

आत माझी मुलगी हसत होती. तसं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

स्लिपर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघालो.

"काका, काही विशेष बातमी?" नकाशेवाल्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि थांबलो नाही.

स्वयंपाकघरात बायको कप भरत होती. मी मोरीत बसून बटणाला साबण लावला आणि चमच्याच्या दांड्याने ते भोकात ढकलू लागलो. बटण आत जायचं आणि लगेच बाहेर यायचं. एकतीस वर्षांत मी एकही पट्टा बसवला नव्हता. ते काम दुसऱ्या टेबलाचं.

"अहो, हे काय चाललंय?" बायको म्हणाली. "ती कोणाची स्लिपर?"

"त्याची. हळू बोल. तो पितो."

"कोणी सांगितलं?"

"टाच."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, ती पोरगी तुम्हाला लग्नाला बोलावणार नाही हो. मी एकटी जाऊन बसू का तिथे? लोक विचारतील, हे कुठे आहेत, तर काय सांगू? टाच बघत बसलेत?"

"आणि तो खरंच पीत असला तर?"

तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "साखरेतला आहे तो. जा, आधी ती जागच्या जागी ठेवून या."

मी पुन्हा खोलीतून निघालो.

"काका, वाचून झाला पेपर?"

"झाला."

स्लिपर जागेवर ठेवली. पट्टा नुसता वरून टेकवला. लांबून नीट दिसत होती. आत येऊन बसलो, अंगठा खिशात.

"बाबा, हात दाखवा," मुलगी म्हणाली. नर्सपुढे काही लपत नाही. "रक्त आलंय. कशाने?"

"पिनेने."

"कसली पिन?"

"पिन म्हणजे पिन."

तिने सगळ्यांसमोर माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली. बांधताना माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसायला हवं होतं. बसणारही होतो. पण समोर नकाशेवाला चहा पीत होता आणि मला त्याच्या हातातला कप चहाचा दिसत नव्हता. माझी एकुलती एक मुलगी. तिला लग्नाला बोलावू दे नाहीतर न बोलावू दे, विचारायला नको?

"डावा पाय कसा आहे?" मी म्हणालो.

"कोणाचा?" नकाशेवाला म्हणाला.

"तुमचाच."

त्याने खाली बघितलं. "बरा आहे."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळीही बराच असतो, काका."

"काही धरावं लागत नाही? भिंत वगैरे?"

"चहा घ्या ना, चहा घ्या," बायको म्हणाली. तोवर कप रिकामे झाले होते.

"बाबा," मुलगी म्हणाली. तोच सुईचा आवाज.

पण आता गाडी उताराला लागली होती. "मी बाहेरची मोठी जोडी बघितली," मी म्हणालो. "एकतीस वर्षांची नजर आहे. डावी टाच अशी आरपार फक्त पिणाऱ्याची जाते. किती वर्षं पिताय, एवढंच सांगा."

नकाशेवाल्याने आपल्या आईकडे बघितलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"ती जोडी माझी," त्या म्हणाल्या.

पंख्याचा आवाज केवढा येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"लहान याची," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पुरुष लहानच घालतात. बायका मोठ्या. मी बावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते. ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतात, मग नऊ नंबरच लागतो. डाव्या पायावर बर्फाची लादी पडली, तेव्हापासून तो ओढावा लागतो. तुम्हाला हे माहीत नाही?"

"आमच्याकडे परत आलेल्या तर सगळ्या लहानच..." मी म्हणालो.

"पुरुषांच्या असतील. पुरुष परत पाठवतात. बायका पिन लावतात."

मी अंगठ्याची पट्टी नीट करू लागलो.

"अजून काय दिसलं टाचेत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"पितो म्हणालात."

"म्हणालो."

"मी फक्त चहा पिते."

रागावल्या की नाही, कळेना. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना. (चेहरे माझ्या टेबलावर कधी आले नव्हते.) मग त्या उठल्या. "निघतो आम्ही. बस आहे."

मुलगी पाठोपाठ उठली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दाराशी बाईंनी डावा पाय स्लिपरमध्ये घातला आणि पट्टा उडून पायरीवर पडला.

सगळे त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग सगळे माझ्या अंगठ्याकडे.

मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ती पटकन म्हणाली, "जुनी झाली असेल. आपोआप तुटली." आयुष्यात कधी खोटं न बोलणारी माझी मुलगी, आणि बोलली ती माझ्यासाठी.

"असेल," बाई म्हणाल्या. "परत पाठवून काही उपयोग नाही. एकदा पाठवली होती. चिठ्ठी आली, वापरणाऱ्याची चूक. खरंच असेल. माझाच पाय तसा."

बायको छताकडे बघू लागली. मी त्या पायाकडे बघत होतो. घोट्याखाली वाकडा, सुजलेला. तो पाय माझ्या टेबलावर आला असता तर मी काय लिहिलं असतं? तेच लिहिलं असतं. लिहिलंच होतं.

"वापरणाऱ्याची चूक नाही," मी म्हणालो. "मी ओढून तोडली. ती चिठ्ठीही माझीच."

एवढी तीन वाक्यं बोलायला मला चढ चढल्यासारखा दम लागला. मी माझी जोडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. नऊ नंबर. बाईंनी घातली, दोन पावलं टाकून बघितली आणि निघून गेल्या. बऱ्या आहेत म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

मुलगी आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. "औषध घेतलंत?" "घेतलं." लग्नाची बोलणी ती स्वयंपाकघरात आईशी करायची. मी आत गेलो की दोघी गप्प. खुर्च्या किती सांगायच्या, यावर एकदा बोलणं चाललं होतं. आकडा ऐकला. त्यात मी धरलेला आहे की नाही, विचारायचा धीर झाला नाही.

नवव्या दिवशी फोन वाजला. बायकोने घेतला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हाला मागतायत."

"व्याही का?" पलीकडून बाई म्हणाल्या.

व्याही म्हणाल्या. मी खाली बसलो.

"तुमच्या स्लिपर उलट्या करून बघितल्या."

"हं."

"टाचा कोऱ्या आहेत. झीज सगळी पुढे, बोटांपाशी."

"म्हणजे?" मी विचारलं. एकतीस वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता.

"म्हणजे काय? टाचा उचलून दुसऱ्यांच्या घरात डोकावणारा माणूस. लग्नात तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवते आहे. बसून बघा सगळं. उंच व्हायला लागणार नाही."

फोन ठेवला. दारात मुलगी उभी होती. "काय म्हणाल्या?"

"बोलावलंय," मी म्हणालो.

ती हसली. ती गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि तिथली माझी जुनी जोडी उलटी करून बघितली. टाचा कोऱ्या होत्या. ती जोडी मी कोणी बघायच्या आत कचऱ्यात टाकली.