हसतमुख व्यवस्थापकाची नेमणूक

कान्सासमधल्या कॉटर्सबर्ग या तीन हजार वस्तीच्या गावाला नगर व्यवस्थापक हवा होता. आधीच्या गृहस्थांनी तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला होता. नगरसभेच्या बैठकांखेरीज त्यांच्या तब्येतीला दुसरं काही झालेलं नव्हतं, हे नगरपालिकेची कारकून वर्ना स्टकी हिला ठाऊक होतं. पण इतिवृत्तात तिने 'तब्येत' एवढंच लिहिलं. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

निवड समिती नेमली गेली. समितीच्या कामाची दिशा ठरवायला उपसमिती नेमली गेली. शेवटी दोन उमेदवार उरले आणि लोकशाही पद्धतीनुसार शाळेच्या जिममध्ये, गावासमोर, त्यांची मुलाखत ठरली.

पहिली जोलीन क्रॅबट्री. बाई आदल्या दिवशीच येऊन स्वतः पाण्याच्या टाकीवर चढून आली होती.

"टाकी आतून सडलीय," ती म्हणाली. "जलवाहिन्या तुमच्या आजोबांच्या काळातल्या आहेत. मुख्य रस्ता वर्षभर खणावा लागेल."

"आणि गाड्या कुठे लावायच्या आम्ही?" न्हावी ओटिस प्लमली ओरडला.

"दोन गल्ल्या पलीकडे. चालत यायचं."

जिममध्ये असा सन्नाटा पसरला, की बाईने जणू चर्चला आग लावायची परवानगी मागितली होती.

दुसरा ब्रॅडली विन्स्लो. त्याने टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो माइकपाशी आला, सगळ्यांकडे पाहून हसला, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी इथे बोलायला नाही, ऐकायला आलोय." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ओटिसचे तर डोळे भरून आले.

नगरसभेच्या मतदानाआधी महापौर डेल हॉफस्टेटर वर्नाच्या टेबलाशी आले. "काय गं वर्ना, बावीस वर्षं आहेस इथे. तुला कोण बरं वाटतं?"

जोलीनने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. वर्ना स्वतः दरवर्षी तोच अहवाल टाईप करायची. पण महापौरांच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं.

"दोघंही छान आहेत," ती म्हणाली.

"हेच! अगदी हेच म्हणतोय मी!" असं म्हणून महापौरांनी मतदान घेतलं आणि विन्स्लोला नेमलं.

विन्स्लोने दिलेला शब्द पाळला. तो ऐकत राहिला. त्याने 'श्रवण सप्ताह' घेतला, मग 'श्रवण पंधरवडा'. नळाला तपकिरी पाणी येऊ लागलं, तेव्हा त्याने पाण्याच्या रंगाविषयी नागरिकांच्या भावना जाणून घेतल्या. वर्नाने दुरुस्तीचा कागद तीनदा त्याच्यापुढे ठेवला. तिन्ही वेळा त्याने तिचं म्हणणं इतकं मन लावून ऐकलं, की सही राहूनच गेली. सातव्या महिन्यात टाकीचा तळ फुटला. आठव्यात विन्स्लो एका मोठ्या शहरात, मोठ्या पदावर रुजू झाला. निरोपाला केक होता. कॉफी मात्र नव्हती, कारण पाणी नव्हतं.

जोलीन क्रॅबट्रीला एव्हाना वीस मैलांवरच्या हॅस्कल रिज गावाने व्यवस्थापक म्हणून घेतलं होतं. तिथल्या अग्निशमन केंद्राच्या नळावर कॉटर्सबर्गचे लोक रोज सकाळी कॅन घेऊन रांग लावू लागले. पाणी काचेसारखं स्वच्छ. फक्त मुख्य रस्ता खणलेला असल्यामुळे पिकअप दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत यावं लागे.

"काय हाल केलेत या बाईने गावाचे!" भरलेला कॅन या हातातून त्या हातात घेत ओटिस म्हणाला. "आपल्याकडे असलं खपवून घेतलं नसतं बुवा कोणी!"

रांगेतल्या सगळ्यांनी अभिमानाने माना डोलावल्या. वर्नाने डोलावली नाही. पण ती काही बोललीही नाही. तिचा नंबर आला होता.