सहा पातेली येसर आमटी

"बाबा, या वर्षी राहू द्या ना," हर्षवर्धन फोनवर म्हणाला. "पस्तीस माणसं, दोन दिवस. आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

"आई नाही म्हणून माणसांनी यायचं थांबायचं का?" दत्तोबा म्हणाले.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सगळ्या कुटुंबाने हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरी जमायचं आणि रविवारी जेवून पांगायचं, हे सव्वीस वर्षं चालू होतं. दुसरा शनिवार दत्तोबांच्या बायकोने, गंगूने ठरवला होता. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असते, त्यामुळे कोणाला सबब सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. गंगू दिवाळीच्या आधी गेली. तेव्हापासून दत्तोबा त्या घरात एकटे होते आणि हर्षवर्धन त्यांना कोंडापूरच्या फ्लॅटवर न्यायच्या मागे होता.

"बरं, असं करू," तो म्हणाला. "सगळं नीट पार पडलं तर मी गप्प बसेन. नाही तर उगादीच्या, पाडव्याच्या आत घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवल्यावर दत्तोबांच्या लक्षात आलं, की माणसं बोलवतात कशी हे आपल्याला माहीतच नाही.

त्यांनी चौतीस वर्षं सिकंदराबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वजनं केली होती. घरातही वजन करण्याचं काम तेवढं त्यांच्याकडे असे, बाकी सगळं गंगूकडे. माणसं बोलवायची असली की ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून फोन घेऊन बसे आणि दत्तोबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत. आता तो स्टूल रिकामा होता. दत्तोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि मग त्यांना तिचं वाक्य आठवलं. दर फोनला ती ते म्हणे. बोलवायचं म्हणजे हे वाक्य म्हणायचं, एवढं साधं आहे तर!

त्यांनी पहिला फोन धाकट्या भावाच्या, हिम्मतरावांच्या बायकोला लावला.

"त्रिवेणी, दुसऱ्या शनिवारी यायचं आहे."

"हौ भाऊजी, येतो ना आम्ही."

"आणि गंगू म्हणायची, तुझ्या हातच्या येसर आमटीची सर कोणाला नाही."

पलीकडे त्रिवेणी गप्प झाली. मग म्हणाली, "आणते, भाऊजी. तुम्ही काही परेशान होऊ नका."

दत्तोबांनी कागदावर तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. ती दरवर्षी दहीभात आणायची, तोच आणणार असेल. मग त्यांनी गौलीगुड्याला थोरल्या बहिणीला, इंदरअक्काला फोन केला. तेच वाक्य म्हटलं. अक्काही आधी गप्प झाली, मग म्हणाली, "दत्तू, आणते रे बाळा." सत्तरीच्या माणसाला बाळा म्हणणारी ती एकच उरली होती. गंगूची भावजय सत्यभामा तर फोनवर रडलीच. राहिलेल्या तिघी पुतण्यांच्या बायका. त्यांनाही वाक्य लागू पडलं.

शुक्रवारी सून प्रणिताने विचारलं, "मामा, जेवणाचं काय केलंत?"

"सगळं वाटून दिलंय."

"यादी आहे?"

"सहा नावं, सहा खुणा," दत्तोबा म्हणाले. "रेल्वेत असताना माझं एक पार्सल कधी चुकलं नाही."

शनिवारी अकरा वाजता पहिली रिक्षा आली. त्रिवेणी पुढ्यात मोठं पातेलं धरून उतरली. पातेल्याचं तोंड फडक्याने बांधलं होतं आणि मागून उतरलेल्या हिम्मतरावांच्या पँटला आमटी लागली होती.

"दहीभात एवढा पातळ केलास?" दत्तोबांनी विचारलं.

"दहीभात कसला? येसर आमटी! तुम्हीच तर सांगितलं."

दत्तोबा काही बोलणार तेवढ्यात अक्काची रिक्षा आली. तिच्या नातवाने दोन्ही हातांनी एक कुकर उतरवला. "हळू, आमटी आहे," अक्का म्हणाली. मग तिची नजर ओट्यावरच्या पातेल्याकडे गेली. "हे काय आहे, त्रिवेणी?"

"आमटी आहे, अक्का."

"ती तर मला सांगितली होती."

"मला सांगितली होती. वहिनी म्हणायच्या, माझ्यासारखी कोणाला जमत नाही."

"तुझ्यासारखी?" अक्का म्हणाली आणि लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

साडेबारापर्यंत ओट्यावर सहा भांडी झाली. भाकरी नाही, भात नाही, चटणी नाही, पापडसुद्धा नाही. पस्तीस माणसं आणि सहा पातेली आमटी. हर्षवर्धनने एकेक झाकण उचलून बघितलं आणि बापाकडे वळला. दत्तोबांना कोंडापूरची लिफ्ट दिसायला लागली.

प्रणिताने तांदूळ धुवायला घेतले. मुलांना दम नव्हता. त्यांनी डब्यातली उस्मानिया बिस्किटं काढली आणि आमटीत बुडवून खायला सुरुवात केली.

"आजोबा, मस्त लागतंय, ट्राय करो ना," नात मृण्मयी म्हणाली.

"नक्को," दत्तोबा म्हणाले.

इकडे अक्का आणि त्रिवेणीचं मिटत नव्हतं. शेवटी सत्यभामाने तोडगा काढला. सहा वाट्यांत सहा आमट्या घ्यायच्या, कोणती कोणाची ते सांगायचं नाही, आणि दाजींनी चव बघून निकाल द्यायचा.

दत्तोबांनी पहिली वाटी तोंडाला लावली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. चौथ्या वाटीला त्यांचा हात थांबला.

"टाकी भरली का बघून येतो," ते म्हणाले आणि गच्चीवर गेले. टाकी त्यांनी सकाळीच भरली होती.

खाली आले तेव्हा सगळे जण वाट बघत होते. "बोला भाऊजी, कोणाची?" त्रिवेणीने विचारलं.

"सगळ्या गंगूच्या आहेत," दत्तोबा म्हणाले.

अक्काने सहाही वाट्यांत बोट घालून चव बघितली. "खरंच की गं. एकीतही फरक नाही. कोणी कोणाचं उचललं?"

"मी कशाला उचलू? माझ्याकडे माझी येसर आहे." त्रिवेणीने पिशवीतून बाटली काढून ओट्यावर आपटली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड; आमटी पातळ झालीच तर लावायला म्हणून तिने ती बरोबर आणली होती. कॉफीची जुनी बाटली होती. तळाला चमचाभर पूड उरली होती. बाहेरून कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा भाताच्या शितांनी चिकटवलेला, आणि त्यावर गंगूच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं: येसर.

अक्काने बाटली उचलली. उलटीसुलटी करून बघितली. "ही तुझ्याकडे कशी?"

"वहिनी दर उन्हाळ्यात द्यायच्या. फक्त मला. म्हणायच्या, कोणाला सांगू नको, सगळ्या मागत बसतील."

अक्का हळूच स्टुलावर बसली. "मलाही हेच म्हणायची."

"मलाही," सत्यभामा म्हणाली. मागच्या तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि माना हलवल्या.

आधी मृण्मयी हसली, मग प्रणिता, मग सगळेच. अक्का हसता हसता डोळे पुसत होती. त्रिवेणीला मात्र एक गोष्ट कळत नव्हती.

"पण भाऊजी, तुम्ही 'पण' का नाही म्हणालात?"

"कसलं पण?"

"वहिनी म्हणायच्या, तुझ्या हातच्या येसर आमटीची सर कोणाला नाही, पण या वेळी आमटी मी टाकते, तू आपली दहीभात आण. तुमचा फोन आला तेव्हा मी पुढच्या 'पण'ची वाट बघत बसले. तो आलाच नाही."

"मला म्हणायची, पण तू भाकरी थापून आण," अक्का म्हणाली.

दत्तोबांनी जरा आठवून बघितलं. "पहिलं वाक्य कानावर यायचं," ते म्हणाले. "तेवढ्यात मी पेपरचं पान उलटायचो."

भात झाला. हर्षवर्धनने कोपऱ्यावरून चाळीस तंदुरी रोट्या आणल्या. शनिवारी दुपारी आमटी, रात्री आमटी, रविवारी सकाळीही आमटीच. हिम्मतराव ती चहाच्या कपातून प्यायले. रविवारी दुपारी सहाही भांडी पालथी झाली आणि निघायची वेळ झाली.

त्रिवेणीच्या बाटलीतली तळाची पूडही आमटीत गेली होती. अक्का ती रिकामी बाटली हातात घेऊन उभी होती. "संपली की रे, दत्तू. ह्या आमटीसाठी मी होती नव्हती ती सगळी घातली."

घातली सगळ्यांनीच होती. आता गंगूची येसर कोणाच्याच घरात नव्हती.

"गहू दीड किलो," दत्तोबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"हरभऱ्याची डाळ एक किलो. ज्वारी पाऊण. धने अर्धा. जिरं शंभर ग्रॅम, मिरे पन्नास, सुक्या मिरच्या पाव किलो, खोबऱ्याच्या दोन वाट्या. चाळीस वर्षं वजन मीच करत होतो. डबा डोक्यावर घेऊन गिरणीतही मीच जायचो. मला वाटायचं, आपल्या घरापुरती एवढी कशाला लागते. विचारलं कधी नाही." ते थांबले. "भाजायचं मात्र मला विचारू नका."

"भाजायचं मी बघते," अक्का म्हणाली.

"तुमचे हात कापतात, अक्का. मी भाजीन," त्रिवेणी म्हणाली.

"एप्रिलचा दुसरा शनिवार," सत्यभामा म्हणाली. "सगळ्यांनी इथेच यायचं. गच्ची मोठी आहे, ऊन चांगलं लागतं."

हर्षवर्धन पुढे आला. "पण उगादीच्या आत बाबांना आम्ही..."

"आपल्या अकराव्या मजल्यावर धने कुठे वाळवायचे?" प्रणिताने त्याला मध्येच अडवलं. "आणि मिरच्या भाजल्या तर आग लागल्याची घंटा वाजून सगळी इमारत खाली येईल. कुलपाचं उगादीनंतर बघू."

"कुठल्या उगादीनंतर?"

"ते मी सांगितलं नाही."

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर दत्तोबांनी खुर्चीवरचा पेपर उचलला. मग तो तसाच घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि फोन लावला.

"त्रिवेणी, गंगू म्हणायची, तुझ्यासारखं भाजणं कोणाला जमत नाही."

पलीकडे त्रिवेणी वाट बघत होती.

"पण या वेळी," दत्तोबा म्हणाले, "तू आपले धने निवडून आण."

त्रिवेणी इतकी हसली, की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग भाजणार कोण, भाऊजी?"

"तूच. तेवढं कोणाला सांगू नको," दत्तोबा म्हणाले, आणि पेपर न उघडता त्यांनी अक्काचा नंबर लावला.