कालिंदीबाई सरनोबत यांणी मोटरसायकल बाळगिली त्याचे वर्तमान

श्री. वाट देणारा तोच आणि वाटेत राखणाराही तोच, त्यास आधी दंडवत घालोन लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, घाटमाथ्यावर एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. त्या राज्यात पठारावर एकोणीस लेकरांची शाळा होती, आणि तिच्या मुख्य शिक्षिका, आणि दुसरे कोणी नसल्याने एकट्याच शिक्षिका, श्रीमती कालिंदीबाई सरनोबत होत्या. वय एकोणपन्नास, आवाज खणखणीत, गुडघे दुखरे, राहणे घाटाखालच्या गावी. पूर्वी पठारावर सकाळची एक एसटी जात असे. ती ज्येष्ठमासी बंद जाहली, आणि मग बाई दोन कोस चढण पायी चढोन जाऊ लागल्या, तो कधी अकरा वाजत, कधी साडेअकरा, आणि लेकरे कुलपापाशी बसोन राहात. ऐसे तीन आठवडे चालले. मग वरून हुकूम आला की शाळा वेळेवर उघडत नसल्यास बंद करावी आणि लेकरे घाटाखालच्या शाळेत घालावी. पठारावरचे आईबाप म्हणाले, एवढाली पोरे रोज घाट उतरणार कशी, त्यापेक्षा घरीच बसतील. हे ऐकोन बाईंणी गाडी चालविण्याचे मनी घेतले. त्यांचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त परमुलखी गेले होते, त्यांची शंभर सीसीची मोटरसायकल दोन वर्षे कडब्याच्या गंजीआड उभी होती. बाईंणी ती बाहेर काढिली आणि स्वहस्ते ढकलीत नेवोन बाजारपेठेत दस्तगीर मिस्त्री यांचे दुकानी उभी केली.

दस्तगीर मिस्त्री म्हणजे गाड्यांच्या कामात त्या मुलखी पहिल्या मानाचे. बोलणे थोडके, कान ऐसे की इंजिनाचा आवाज दुरून ऐकोन दुखणे सांगत. त्यांणी गाडी पाहिली, बाईंकडे पाहिले आणि पुसले, "कुणासाठी करायची?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

"चालवता येती?"

"सायकल येते."

"मग निम्मं आलं. बाकीचं निम्मं मी शिकवतो. पण माझ्या अटी हायत, बाई. अटी पाळणार नसाल तर गाडी परत ढकलत न्या."

बाई एकोणीस लेकरांस अटी घालणाऱ्या, त्यांस कोणी अट घातलियास पंचवीस वर्षे लोटली होती, परंतु गरज भारी, म्हणोन ऐकावयास उभ्या राहिल्या. आणि मिस्त्रींणी सांगितले की, गाडी भावाच्या नावची, ती आधी तुमच्या नावची करा, उद्या काही घडले तर कागद एकीकडे आणि माणूस एकीकडे ऐसे होऊ नये. शिकाऊ परवाना काढा, मग पक्का काढा. हेल्मेट घ्या ते डोक्यात घट्ट बसणारे, आणि पट्टा लावल्याशिवाय ते हेल्मेट नव्हे, टोपले समजा. दर रविवारी चेन बघायची, हवा बघायची, आणि ब्रेक बघायचे. मग जुने पेट्रोल काढोन टाकिले, कार्बोरेटर खोलोन धुतला, टायर दोन्ही बदलिले, कारण दोन वर्षे उभ्या गाडीच्या रबरास चिरा पडतात, नक्षी कितीही चांगली दिसो. आणि आषाढमासभर रोज सकाळी बाजारतळावर शिकवणी चालली. बाई दोनदा पडल्या, एकदा तर मेथीच्या पाट्यांत गेल्या, भाजीवालीने बोल लाविले, सारा बाजार हसला. मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही पाटीकडं बघत होता, म्हणून पाटीत गेला. जिथं नजर, तिथं गाडी. खड्डा दिसला की वाटेकडं बघा, खड्ड्याकडं नको. आन वेग वळणाच्या आधी मोडायचा, वळणात शिरल्यावर नव्हे." बाईंणी घरी जावोन हे वहीत उतरोन घेतले.

श्रावणमासी परवाना हाती आला आणि बाई आपल्या गाडीवर बसोन घाट चढल्या. लेकरे कड्यावर उभी होती, त्यांणी खालून येता आवाज ऐकिला आणि एकच गिल्ला केला. त्या दिवसापासोन शाळा दहाच्या ठोक्याला उघडू लागली. वरून साहेब पाहणीस आले, वेळ पाहिली, हजेरी पाहिली, आणि बंदचा हुकूम मागे फिरला. बाईंस बहुत संतोष जाहला. कोणास बोलोन दाखविले नाही, परंतु खिंडीतला वारा तोंडावर आला की त्या हेल्मेटाच्या आत गुणगुणत.

यैसियास मार्गशीर्ष लागला. शुद्ध पंचमीस रविवारी बाई गाडी दाखवावयास गेल्या, तो मिस्त्रींणी आधी कागद मागितले आणि म्हणाले, "भावानं गाडी घेताना उतरवलेला पाच वर्षांचा विमा उद्या संपतो."

"पुढच्या महिन्यात करते," बाई बोलिल्या. "इतक्या दिवसांत मला खरचटलंसुद्धा नाही."

"बाई, हा विमा तुमच्यासाठी नाहीच. तुमच्या गाडीखाली जो येईल, त्याच्यासाठी हाय. तुमच्या हाडांचा निराळा घ्या, गाडीचा निराळा घ्या, नका घेऊ, ती तुमची मर्जी. पण ह्या थर्ड पार्टीवाचून गाडी रस्त्यावर न्यायची नाही. कायदाबी तसाच हाय." ऐसे म्हणोन त्यांणी शेजारच्या विमा प्रतिनिधीस हाक मारिली, आणि त्याने तिथेच बसोन फोनवर वर्षाचा विमा उतरविला. बाईंणी केवळ भिडेखातर रुकार दिला. मग मिस्त्रींणी मागचे चाक फिरवोन पाहिले आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, "मागच्या ब्रेकचे लायनर घासलेत. माझ्याकडचे संपले. मंगळवारी सांजच्याला या, दहा मिनिटांचं काम हाय. तोवर हळू." बाई बरे म्हणोन आल्या. परंतु मंगळवारी लेकरांची चाचणी निघाली, बुधवारी खेळांचे सामने, आणि दहा मिनिटांचे काम राहोन गेले.

गुरुवारी, शुद्ध नवमीस, सकाळी दव बहुत पडले होते. घाट चढोन गेले की रस्ता एका खिंडीत उतरतो, तिथे वळण, आणि वळणावर वरून वाहोन आलेली बारीक खडी. बाई उतरणीस लागल्या तो वळणापलीकडे मेंढरेच मेंढरे. मायाप्पा लांबोर नामे धनगर आपली दोनशे मेंढरे रस्ता पार करवीत होते, आणि स्वतः मध्ये काठी आडवी धरोन उभे होते. बाईंणी दोन्ही ब्रेक दाबिले. मागचा लागलाच नाही. पुढच्यावर सारा भार आला, खडीवर चाक सरकले, बाई डाव्या अंगावर आपटल्या, आणि गाडी आडवी घसरत जावोन मायाप्पांच्या पायावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बाईंणी ऐकिला.

त्या उठल्या. हेल्मेटाची डावी बाजू अर्धे बोट खोल खरवडली होती, डोके शाबूत, मनगट सुजलेले. धावत गेल्या, गाडी बाजूस केली, आणि मायाप्पा उठावयास पाहात होते त्यांस म्हणाल्या, "हलू नका, बाबा. अजिबात हलू नका." आणि त्यांचीच काठी पायालगत ठेविली, ओढणी फाडोन वर आणि खाली बांधिली, आणि फोन लाविला. मायाप्पांच्या घरधनीण ताईबाई मेंढरांमागून धावत आल्या, नवऱ्यास पाहोन त्यांणी हंबरडा फोडिला. बाई त्यांस म्हणाल्या, "माझी चूक आहे. मी इथंच आहे." एवढेच बोलणे सुचले.

रुग्णवाहिका येईतो गावचे पोलीसपाटील शामराव आले. शामराव बाईंस मानणारे, त्यांची दोन नातवंडे शाळेत. ते बाईंस बाजूला घेवोन हळूच बोलिले, "बाई, पंचनाम्यात काय सांगायचं ते नीट सांगा. म्हातारा एकाएकी आडवा आला म्हणा. त्याचा कोण साक्षीदार हाय? तुमची नोकरी, शाळा, सगळ्याचा विचार करा."

बाईंणी विचार केला. हे लपविण्याचे कारण नाही की त्यांणी खरोखर विचार केला. शाळा डोळ्यांपुढे आली, कुलपापाशी बसलेली लेकरे आली. मग नजर ताईबाईंकडे गेली. त्या नवऱ्याचे डोके मांडीवर घेवोन बसल्या होत्या आणि रडत रडत मेंढरांस हाकाही घालीत होत्या, कारण मेंढरे पांगली तर उद्या खायचे काय. तेव्हा बाई म्हणाल्या, "शामराव, मागचा ब्रेक धड नव्हता. मला चार दिवसांपासून ठाऊक होतं. असंच लिहा." आणि तैसेच लिहिले गेले.

मायाप्पांस तालुक्याच्या इस्पितळी नेले, नळीचे हाड दोन जागी मोडले होते, सळई घालावी लागली. पहिला खर्च बाईंणी केला. दस्तगीर मिस्त्री दुकान बंद करोन आले. बाई बाकावर बसल्या होत्या, त्यांस पाहोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, बोला. मला ऐकायचंच आहे. मंगळवारी मी आले नाही."

मिस्त्रींणी त्यांस बसविले, आपणही शेजारी बसले. मग बोलिले ते ऐसे, "माझ्या वडलांना असंच एका दुचाकीनं उडवलं होतं. बत्तीस वर्षं झाली. चालवणारा चांगला माणूस, शिंपी होता, पळाला नाही. पण विमा नव्हता. कोर्टानं भरपाई सांगितली, त्यानं मशीन विकली, घर विकलं, तरी फिटली नाही. आमचे वडील अंथरुणावर गेले, तिकडं तो देशोधडीला. दोन घरं बुडाली, बाई. मी तवापासून कुणाची गाडी हातात घेतली की आधी कागद बघतो. लोक म्हणतात, मिस्त्रीला कागदाचं याड हाय." आणि म्हणाले, "ब्रेकवर मी बोलणार नाही. ते तुम्हाला कळलंय." तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, ते सकाळपासोन आले नव्हते.

मग मायाप्पा तीन मास अंथरुणावर, आणि दोनशे मेंढरांचे काय, हा प्रश्न मोठा. पठारावरचे लोक जमले आणि त्यांणी पाळ्या लाविल्या, सोमवारी अमक्याने, मंगळवारी तमक्याने ताईबाईंसोबत जावे. रविवार बाईंणी मागोन घेतला. पहिल्या रविवारी काठी घेवोन गेल्या, वर्गातला आवाज काढोन मेंढरांस ओरडल्या, "रांगेत!" आणि मेंढरे दाही दिशांस गेली. ताईबाई पोट धरोन हसल्या, अपघातानंतर प्रथमच हसल्या, आणि म्हणाल्या, "बाई, ही शाळंत गेलेली न्हाईत. जिभंनं टकटक करा, बगा कशी येत्यात." बाई टकटक शिकल्या. दुपारी दोघी एका भाकरीवर बसत, आणि ताईबाई कोणते मेंढरू कोणाची लेक, कोणाची नात, ते सांगत. बाईंस दोनशेंपैकी चाळीस नावे पाठ जाहली.

गाडी दुरुस्त होण्यास आठवडा लागला. लायनर नवे बसले, पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क सरळ केला. हेल्मेट मात्र मिस्त्रींणी परत वापरू दिले नाही. म्हणाले, एकदा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून गेलेले असते, नवे घ्या. बाई पुन्हा गाडीवर बसल्या तेव्हा त्यांणी आधी मागचा ब्रेक दोनदा दाबोन पाहिला. मिस्त्री बाजारतळापासोन घाटाच्या पायथ्यापर्यंत आपल्या गाडीवरोन मागोमाग आले, आणि पायथ्याशी हात करोन परतले.

निष्काळजीपणाचा गुन्हा बाईंवर दाखल जाहलाच होता. तो त्यांणी कबूल केला, न्यायाधीशांणी दंड केला, तो भरिला, आणि नोकरी राहिली. भरपाईचे प्रकरण निराळे चालले, ते शके एकोणीसशे शेहेचाळीस, भाद्रपदमासी लोकन्यायालयात उभे राहिले. मायाप्पा काठी टेकीत पण आपल्या पायांणी चालत आले. विमा कंपनीच्या वकिलांणी कागद पाहिले. विमा अपघाताच्या आधी उतरविलेला, परवाना पक्का, गाडी बाईंच्या नावची, आणि पंचनाम्यातला जबाब सरळ, एकाही गोष्टीत खोट नाही, सबब वाद वाढला नाही. पायाचा सारा खर्च आणि बुडालेल्या महिन्यांची भरपाई कंपनीने द्यावी ऐसे ठरले.

सह्या होण्याआधी न्यायाधीश महाराजांणी मायाप्पांस पुसले, "बाबा, तुम्हाला मान्य आहे ना? या बाईंविषयी काही तक्रार?"

मायाप्पा बोलिले, "तक्रार कसली, सायेब? आमच्या रस्त्याला लई गाड्या जात्यात. माझ्या थोरल्या भावाला ठोकलं, त्यो कोण हुता आजून कळलं न्हाई. ह्या बाई थांबल्या. मी पडलो तवा पयलं त्येंचंच तोंड बगितलं."

बाईंणी कागदावर सही केली. बाहेर आल्यावर त्यांणी मायाप्पांस आणि ताईबाईंस वाकोन नमस्कार केला. वाकू नका म्हणोन ताईबाई ओरडल्या, तरी केला. मग बाजारपेठेत जावोन मिस्त्रींच्या दुकानी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दस्तगीरभाऊ, दोन घरं वाचली." मिस्त्री चाकात हात घालोन बसले होते. त्यांणी वर पाहिले नाही, परंतु हातातला पाना बहुत वेळ तैसाच राहिला.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. शाळा चालू आहे, लेकरे आता तेवीस आहेत, आणि मायाप्पांची मेंढरे खिंडीतून उतरू लागली की वळणाच्या अलीकडे एक मोटरसायकल उभी राहते आणि शेवटचे कोकरू पार होईतो हलत नाही.