शेवटचं पान आधी

सासूबाईंना रहस्यकथा वाचून दाखवायचं मी आपण होऊन कबूल केलं, तेव्हा बायको माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली. आपण होऊन मी आजवर फक्त झोपलो आहे.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. डॉक्टरांनी तीन आठवडे वाचायला बंदी घातली होती. काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब आणि विरंगुळा म्हणून मुलीशी वाद. (वादाचा विषय बहुतेक मीच असायचो. तेव्हा वाचनाची सेवा कसली, जीव वाचवणं होतं ते.)

सासूबाईंनी त्यांच्या पुस्तकांच्या पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. श्रीमंत म्हाताऱ्यावर विषप्रयोग झालेला, घरात पाच संशयित.

"आईला शेवट आधी सांगू नका म्हणजे झालं," बायकोनं बजावलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना वाचण्यात हयात गेली. त्याच आवाजात मी खून वाचला आणि चौथ्या पानावर सासूबाई घोरू लागल्या. मग ठरवलं, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायचा. पण कोणाला कसला द्यायचा हे कळायला खुनी माहीत नको? म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेवटचं पान वाचून टाकलं. खुनी निघाला घरचा डॉक्टर.

त्या संध्याकाळी गोष्टीतला डॉक्टर एवढंच म्हणाला, "नाडी बघू." मी ते असं काही वाचलं, की बायको चमचा हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

"डॉक्टरनंच मारलेलं दिसतंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. पान सव्वीस. पुढे अजून दोनशे पानं होती.

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईनं पदरचं एक वाक्य घुसडलं. "इतक्यात विळा घेऊन माळी आला."

"विळा? पण म्हाताऱ्याला विष दिलंय ना?"

"विळ्याला लावलं होतं."

"मग जखम कुठाय?"

"ती पुढे येते," मी म्हणालो. (ती कुठून येणार होती, ते मलाही माहीत नव्हतं.)

त्या दिवसापासून पुस्तक नुसतं हातात. माळ्याला मी आधी कर्ज दिलं, मग जुळा भाऊ दिला, मग जुळ्या भावाला बायको दिली. सासूबाई प्रत्येक गोष्टीवर शंका काढत आणि मी रात्रीतून उत्तर शोधत असे. धागे सुटू नयेत म्हणून ऑफिसात चिठ्ठ्या लिहून ठेवू लागलो. त्यातली एक साहेबांच्या फायलीत गेली. साहेबांनी मला बोलावून ती वाचून दाखवली, "माळ्याला रविवारी संपवायचं. बायकोला संशय येता कामा नये."

आमच्या कार्यालयाच्या बागेतला माळी दारातच उभा होता. त्यानं हातातली झारी हळूच खाली ठेवली आणि आठवडाभर रजेवर गेला. मी मात्र दोन तास खुलासा लिहीत बसलो.

अखेर रविवारी मी माळ्याला, म्हणजे गोष्टीतल्या, पोलिसांच्या हवाली केलं आणि पुस्तक मिटलं. सासूबाईंनी डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं.

"छान झालं हो," त्या म्हणाल्या. "पुस्तकात माळी दोनच ओळी आहे. तुम्ही बिचाऱ्याला मोठा केलात."

मी चाचरलो. "म्हणजे तुम्ही हे आधी..."

"चारदा वाचलंय. डॉक्टरच खुनी. चांगल्या गोष्टीचा शेवट माहीत असला म्हणून मजा काही कमी होत नाही."

"मग दुसरं द्यायचं होतं. पिशवीत नवीन पुस्तकं होतीच की."

"होती ना," सासूबाई समजूत घालावी तशा म्हणाल्या, "पण वाचणार तुम्ही, असं कळलं. मग म्हटलं, नवं पुस्तक कशाला वाया घालवायचं?"