दत्ताभाऊंचं दुसरं गाव

दत्ताभाऊ खेळण्यातल्या गाडीला हात लावण्याआधी साबणानं हात धुतात. गाडी डबीत असते, डबीचं सील कधी फुटलेलं नसतं, तरी धुतात. "डाग पडला की किंमत गेली, मास्तर," असं मला ऐकवतात. मी निवृत्त शिक्षक, लेण्यांच्या भाजे गावातला त्यांचा शेजारी. असल्या छोट्या धातूच्या गाड्या मीही जमवतो. फक्त माझ्या गाड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही.

त्यांच्याकडे मात्र लेणी बघायला आलेले शौकीन लेणी सोडून येतात. ओट्यावरच सौदा होतो. मी माझ्या खिडकीतून बघतो आणि माझा चहा गार होतो.

विकलेल्या गाडीच्या पैशातून दत्ताभाऊ कॉम्प्युटरवरच्या एका ऑनलाइन जगात जमीन घेतात. मी एकदा त्याला 'गेम' म्हणालो, तर दोन दिवस अबोला. "गाव म्हना. घर हाये माजं तितं. आंबाबी लावलाय."

त्यांची एक हिरवी डबलडेकर बस होती. ती मी तीन वर्षं मागत होतो. म्हणाल ती किंमत देतो म्हटलं. उत्तर ठरलेलं: "तुमाला न्हाई." गेल्या रविवारी ती त्यांनी लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याला दिली, तीही माझ्यासमोर. मी जेवलो नाही. "बसवरून रुसलात?" बायकोनं विचारलं. मी कूस बदलली.

सोमवारी भांडायलाच गेलो.

"मला का नाही दिलीत?"

"तुमच्याकडनं पैशे कसं घेनार? आन फुकट दिली असती, तर प्लॉट कशातनं घेतला असता?"

"कसला प्लॉट?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांचं घर, आंबा, आणि त्याला लागून एक नवं घर. ओटा त्यांच्या ओट्याकडे तोंड करून. दारावर पाटी: 'मास्तर'.

"लय मानसं हायेत तितं," ते म्हणाले. "पन कुनाची भाषा कळत न्हाई. ही गेल्यापासनं हितं तुमीच तेवढं येता, भांडायला का व्हईना. म्हनलं, तितंबी शेजारी तुमीच असावं."

मी स्क्रीनजवळ वाकलो. माझ्या घराला त्यांच्यापेक्षा एक खिडकी जास्त होती.

"मला हे चालवता येत नाही, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात माऊसवर ठेवला, वर स्वतःचा ठेवला, आणि आम्ही दोघं दार उघडून आत गेलो.